शेंगाचटणीने खाल्लेला सूर्यास्त

समस्त प्रेक्षकांना अत्यंत गंभीरपणे कळवतो की, माझ्या पहिल्या मालिकेचा सर्वांत सुंदर प्रसंग शेंगाचटणीने खाल्ला. उजनीच्या पाण्यात सूर्य विरघळत होता, दूर रोहित पक्षी गुलाबी धुक्यासारखे तरंगत होते, आणि भाड्याचा कॅमेरा सकाळी परत जाणार असल्याने मला, म्हणजे निर्मात्याला, ती एकच संध्याकाळ होती. सासूने हाकललेली उपाशी सून काठावर रडते, एवढंच टिपायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या केळीबागेची मालकीण चटणी-भाकरी घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर गेली आणि सुनेला घास भरवू लागली. त्या वासाने आमच्या मालिकेतल्या सासूबाईही भूमिका विसरल्या आणि त्यांनी हात पुढे केला. सूर्य बुडाला. आजही चटणीचा वास आला की तो गुलाबी उजेड डोळ्यांपुढे पसरतो, आणि मालकीण सासूवर कडाडते, “तुला न्हाय! आदी सुनंला घरात घे, मग गिळ!”