वरच्या कप्प्यातला डबा

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रीज पुसत होते. शरयू माझी धाकटी नणंद. ठाण्याच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची आणि डोळ्यांवरच्या औषधांचं संशोधन करायची. पंधरा दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. एक गृहस्थ माईकवर म्हणाले, “मॅडमच्या यशात त्यांच्या वहिनींचा मोठा वाटा आहे.” सगळ्या माना वळल्या, आणि मी पदर सावरून हात जोडले... शी!

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सासू-सासरे गेल्यावर शरयू मानपाडा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. तिची पीएचडी नुकती सुरू झालेली आणि आमचा फ्रीज नवाकोरा. मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, वर क्रोशाचं आच्छादन घातलं होतं आणि शेजारणींना उगाच थंड पाणी पाजत सुटले होते, इतकी मी शहाणी! त्या फ्रीजमध्ये एका संध्याकाळी स्टीलचा डबा दिसला. झाकण उघडलं तर आत पाण्यात डोळे. अख्खे. माझ्याकडेच बघणारे.

“वहिनी, ओरडू नकोस. बोकडाचे आहेत, कल्याणच्या खाटकाकडून आणलेत.”

“अगं, शेजारी माझं दही आहे!”

“ते काही तुझं दही खात नाहीत गं.”

बाहुली लहान-मोठी करणारा स्नायू अलगद सोडवायचा, दोऱ्यानं टांगायचा आणि त्यावर औषध टाकायचं. स्नायू आखडला की काजळी फासलेल्या कागदावर सुई उंच रेघ काढते. हे सगळं तिनं मला जेवताना समजावलं. मी ताट बाजूला सारलं.

ह्यांना म्हणाले, “तुमच्या बहिणीला सांगा.” हे पेपरात डोकं खुपसून बसले. मग मीच युक्ती काढली. जेवणं झाली की डबा चिमट्यानं उचलायचा, वर बर्फाच्या कप्प्यात ढकलायचा आणि पहाटे बाहेर काढून, बर्फ सुटला की ती उठायच्या आत जागेवर. दही सोवळ्यात राहिलं, आणि थंडीत वस्तू टिकतेच की! स्वतःच्या हुशारीवर मी कोण खूश.

शरयूच्या सुया मात्र हलेनात. रोज सरळ रेघ. बर्फात गोठलेला स्नायू मरतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! तिनं मीठ बदललं, पाणी बदललं, काचा पुन्हापुन्हा धुतल्या. तिचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, “हात चालत नसतील तर घरी पोळ्या लाटा.” त्या संध्याकाळी ती मांडीवर पसरलेल्या आपल्या बोटांकडे बघत बसली होती. मग हळूच म्हणाली, “वहिनी, डब्याला कुणी हात लावतं का गं?”

“छे! मला शिसारी येते, मी कशाला लावीन?”

बोकडाच्या डोळ्यांची नव्हे, आज या वाक्याची शिसारी येते मला. किती सहज बोलले मी!

त्यानंतर डोळे घरात आले नाहीत, डबा रिकामाच फडताळात पडून राहिला. शरयू पहाटे आधी उलट दिशेला कल्याणला जायची, थर्मासमध्ये डोळे घेऊन मग ठाण्याची प्रयोगशाळा गाठायची. रेघा उंच यायला लागल्या, पण तिचं वर्ष वाया गेलं ते गेलंच. मला वाटलं, बरी जिरवली.

नव्वद सालानंतर मला काचबिंदू निघाला. डोळ्याला कुणी हात लावलेला मला खपत नाही, तरी शरयू येऊन थेंब घालायची. हात असा, की कळायचंही नाही. एकदा पडल्या पडल्या मी सगळं सांगून टाकलं. थेंब न चुकवता ती म्हणाली, “माहीत आहे. डब्याच्या बुडाला मटारचा दाणा चिकटला होता. मटार तू वरच्या कप्प्यातच ठेवायचीस.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते आणि तू मला घराबाहेर काढलं असतंस तर? मला दुसरं घर कुठं होतं, वहिनी?... हलू नकोस, दुसरा डोळा.”

मी हलले नाही. बोललेही नाही. शोकसभेतसुद्धा नाही.

त्याच डब्यात आता माझ्या थेंबांची बाटली असते, मधल्या कप्प्यात, दह्याला खेटून. थेंब माझे मीच घालते. माझा हात तसला नाही, अर्धं औषध गालावर ओघळतं. परवा सून दारात थबकली. “आई, आत्यांची आठवण आली का?” मी हो म्हणणारच होते...

“नाही गं,” म्हटलं, “औषध आहे.”