कोरडा क्रेट

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

चार माणसं क्रेट उचलून जेटीवरून चालली होती. मी इथे रत्नागिरीत मासळी निवडते, म्हणजे बोटीतून आलेल्या ढिगातून जात आणि आकार बघून वेगळी करते. मासळीच्या क्रेटात बर्फ असतो. तो सारखा गळतो. ह्यांच्या मागे थेंबही नव्हता.

"कसा जपून नेतायत बघ," शेजारची सुलभा म्हणाली. "आत नवरी बसलीय की काय गो?"

मी उठून पोलीस चौकीत गेले.

"हवालदार, त्या क्रेटातून पाणी नाय गळत."

त्यांनी वही ओढली. "बोटीचा नंबर?"

"नाय बघितला."

"किती खलाशी? कुठून आली?"

"पाणी नाय गळत, एवढंच."

"मावशी, हे कुठल्या रकान्यात लिहू? मागे तुम्ही परकी बोट सांगितलीत, ती निघाली मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या जावयाची. मला बोलणी बसली."

मी परत येऊन कोळंबी निवडायला बसले.

तासाभराने शिट्ट्या वाजल्या. क्रेट आम्ही बसतो त्याच लिलावाच्या शेडखाली सापडला. आत विटा, वर कागदावर लिहिलेलं: बॉम्ब. तो सराव होता. पोलिसांचेच लोक अतिरेकी बनून समुद्रातून येतात, बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. आधी कोणाला सांगत नाहीत. त्या हिशेबाने शेडमधल्या आम्ही सगळ्या मेलो होतो.

मोठे साहेब आले. "एकानेही खबर दिली नाही? की दिली आणि तुम्ही घेतली नाहीत? तसं असेल तर आजच सस्पेंड."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या रिटायरमेंटला चार महिने होते.

"मावशी, तुम्ही काही पाहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"क्रेट कोरडा होता."

"मग सांगितलं का नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. "सुचलं नाय, साहेब."

"हे असं! लोक बोलतच नाहीत, आम्ही काय करणार?"

रिपोर्टमध्येही तेच गेलं: स्थानिकांकडून माहिती मिळाली नाही. हवालदार सुखरूप रिटायर झाले. मग पोलिसांनी आम्हा बायकांची सभा घेतली, संशय आला तर न घाबरता सांगा म्हणून. आम्ही टाळ्या वाजवल्या.

खबर कुठे अडली ते साहेबांना कधी कळणार नाही. अडवणाऱ्याला मीच वाचवलं. खरे कोणी आले, तर शेडखाली आम्हीच बसलेल्या असू.