पाठीने ऐकणारे मास्तर

ये गं सेलीन, अशी जवळ बैस. कागदावरच बैस, प्रत्यक्ष यायला तुला सवड कुठे आहे. गणपतीत येते म्हणालीस, मग नाताळात येते म्हणालीस, आणि आलं काय, तर फोनवर अडीच मिनिटांचं व्हायोलिन. वर विचारतेस, "आजी, मामाआजोबा वाजवायचे कसे?" अगं, पुण्याहून विरार म्हणजे काही विलायत नाही. पण विचारलंयस तर सांगते. तुझ्यासारखंच ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनीही वाचावं. मी सातवी शिकलेली बाई, बोलते तशी लिहिणार. चुका पोटात घाला.

मी तुझी रक्ताची आजी नव्हे, मानलेली. तुझ्या आईचे मामा, पापडीचे बस्त्यावमास्तर, मला पहिल्यांदा भेटले ते सुकेळी घ्यायला आले तेव्हा. इथे आगाशीच्या वाडीत आम्ही राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतो, ती सुकेळी. मास्तर दौऱ्यावर निघाले की व्हायोलिनच्या पेटीत दोन पुडकी असायचीच. त्या दिवशी मी ओटीवर बिरड्याचे वाल सोलत होते. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं, दिवस जाता जात नव्हते. मास्तर पुडकी हातात घेऊन उभेच राहिले, माझ्या बोटांकडे बघत. मला अवघडल्यासारखं झालं.

"ताई, तुम्ही खाली न बघता सोलता, आणि एक डाळिंबी मोडत नाही," ते म्हणाले. "तंबोरा असाच छेडायचा असतो. माझी तंबोऱ्याची मुलगी लग्न होऊन गेली. तुम्ही येता दौऱ्यावर?"

मी आत सासूबाईंच्या दिशेने बघितलं. विधवा सून, त्यातून एकट्या पुरुषाबरोबर परगावी, गावात बोलायला विषयच. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "जाऊ दे तिला. नुसती भिंत बघत बसते. आणि पळून जाईल कुठे? तो भोपळा घेऊन एसटीत चढता आलं तरी खूप."

अशी मी मास्तरांच्या मागे बसायला लागले, ती अकरा वर्षं बसले.

त्यांचे वडील चर्चमध्ये मिस्सेला व्हायोलिन वाजवायचे, उभं राहून. मास्तरही तसंच शिकले. पुढे कुणाचं तरी गाणं ऐकलं आणि रागदारीच्या मागे लागले, मांडी घालून बसले, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं. वडिलांना ते फार लागलं. म्हणाले, "देवासमोर उभं राहून वाजवायची वस्तू तू पायाला लावलीस." मरेपर्यंत मुलाची मैफल ऐकायला कधी आले नाहीत. मास्तर हे एकदाच बोलले, मिरजेच्या स्टेशनवर, तंबोऱ्याची गवसणी बांधता बांधता. पापडीत मात्र त्यांनी कधी बैठक केली नाही. "बाबांच्या गावात बसून वाजवायचं तर ते वाजवणं त्या लायकीचं हवं," म्हणायचे.

वाजवायचे कसे, तर सावकाश. सुरुवातीला एकच सा. गज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला इतका वेळ लावायचे की नवखे आयोजक चुळबुळायचे. लोक खोकत, खुर्च्या सरकवत, आणि हे पुन्हा तोच सा. मी एकदा विचारलं, किती वेळ? म्हणाले, "खोकू दे त्यांना. पाहुणा आला की आधी चपला काढतो, मग आत येतो. तो खोकला म्हणजे त्यांच्या चपला." शेवटची चप्पल निघाली की मगच रिषभाकडे वळायचे. द्रुत वाजवतानाही कधी तोंड वेडंवाकडं केलं नाही, मान उडवली नाही. कुणी म्हणालं, जरा जलद घ्या, लोकांना आवडतं, तर पेटीतलं सुकेळं काढून हातावर ठेवायचे. "हे आठ दिवस उन्हात होतं. रोज थोडं पलटावं लागतं. घाई केली तर आंबतं." माणूस सुकेळं खायचा आणि गप्प बसायचा. नावाआधी पंडित लावलेलं मात्र चालायचं नाही. रागावले की तुमच्या घरच्या बोलीत बोलायचे, त्यातलं अर्धं मला कळायचं, आणि तेवढं पुरे व्हायचं.

आता शेवटच्या दौऱ्याचं सांगते. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

सांगलीला मंचावर बसताना मास्तर म्हणाले, "ताई, आणखी पुढे सरका. भोपळा माझ्या पाठीला टेकू दे." लोकांना वाटलं मंच लहान आहे. मुक्कामावर आल्यावर त्यांनी सांगितलं. वरचे सूर त्यांना पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. वर्षभर. डॉक्टर झाले, कानातलं यंत्र झालं, पण यंत्रातून व्हायोलिन पत्र्यासारखं वाजे.

"बोटांना जागा ठाऊक आहेत," ते म्हणाले, "पण बोटंही म्हातारी झाली. वर गेल्यावर माझा सूर ढळला तर तुम्ही तंबोरा थांबवा. एकच आवर्तन. लोकांना वाटेल तार उतरली. मला पाठीत कळेल, मी खाली येईन."

"आणि पुन्हा पुन्हा ढळला तर?"

"तर पेटी बंद. बेसूर वाजवून टाळ्या घ्यायच्या नाहीत मला. तुमच्या कानावर सोडतो."

सोलापूरला काही झालं नाही. मी देवाचे आभार मानले. मग धारवाड. संध्याकाळ, पूरिया चालला होता, सभागृह इतकं शांत की गजाचा श्वास ऐकू यावा. मास्तर तार सप्तकात चढले आणि गंधार उतरला. केसभर नव्हे, चांगला बोटभर. पुन्हा गेले, पुन्हा उतरला. माझा हात तारांवर होता, थांबवायचं ते माझ्याच हातात होतं. मी समोर त्यांची मान बघितली, पांढरी, घामेजलेली. आणि सेलीन, माझ्याने थांबवलं गेलं नाही. वाटलं, एवढ्या वर्षांचं नाव आहे, एक गंधार गेला तर गेला. मी सोलत राहिले माझे वाल.

टाळ्या झाल्या. लोक पाया पडून गेले. सकाळी गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. मी सुकेळं पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"काल गंधार गेला होता ना?"

मी सुकेळं परत पुडक्यात बांधलं.

"पहिल्या रांगेत एक म्हातारा होता. मी वर गेलो की तो मान खाली घालायचा. दोनदा घातली. जी गोष्ट सांगायला तुम्ही माझ्या मागे बसला होतात, ती मला अनोळखी माणसाने सांगितली." मग म्हणाले, "मी तुम्हाला माझे कान दिले होते, ताई. तुम्ही दया केलीत."

आवाज चढवला नाही. रागावले असते, घरच्या बोलीत चार शब्द बोलले असते, तर मला सोसलं असतं.

मला वाटलं, आता दुसरी कुणी बघतील. पण दौऱ्याचं शेवटचं गाव त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं, पापडी. आणि निरोप आला की तंबोऱ्याला ताईच. चर्चशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. सगळं गाव आलेलं. त्यांच्या वडिलांबरोबर मिस्सेला गाणाऱ्या म्हाताऱ्या पुढे बसल्या होत्या, लाल लुगडी नेसून. मी भोपळा मास्तरांच्या पाठीला टेकवला. ते मागे न बघता हळूच म्हणाले, "आज दया नको."

फार सुंदर वाजवलं गं. खोकला संपेपर्यंत सा, मग एकेक सूर, जसं कुणी आपलंच घर खोली-खोलीने दाखवावं. अर्धा तास माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. मग ते वर चढले. गंधार उतरला. मी थांबले. त्यांची पाठ ताठ झाली, खाली आले. मी पुन्हा छेडायला लागले. काही वेळाने पुन्हा चढले, पुन्हा उतरला. मी पुन्हा थांबले.

या वेळी ते वर गेलेच नाहीत. सगळ्यात जाड तारेवर आले आणि खालचा सा लावला. एकच गज, या टोकापासून त्या टोकापर्यंत. संपला तेव्हा मांडवात कुणी खोकलं नाही. मास्तरांनी गज सैल केला, व्हायोलिन पुसलं, पेटी लावली, आणि उठता उठता म्हणाले, "बरोबर केलंत. चला, जेवून घ्या."

त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही. माझ्याकडे आणून ठेवली. दोन हिवाळे रोज पापडीहून बस पकडून आगाशीला यायचे आणि माझ्याबरोबर सुकेळी पलटायचे. फारसं बोलायचे नाहीत. कधी झाडावर पाखरू ओरडलं की मी बोट दाखवायची, आणि ते उगाच मान डोलवायचे, ऐकू आल्यासारखी. गेले तेव्हा वाडीत त्यांच्या हातची एक रास अर्धी वाळलेली होती. मी ती विकली नाही, मातीच्या दिवशी आलेल्यांना वाटली.

आता माझी चूक ऐक. तू फोनवर व्हायोलिन पाठवलंस, मी लिहिलं, "छान." खोटं लिहिलं. तुझा वरचा गंधार उतरलेला आहे, दोन्ही वेळा. तू एवढ्या हौसेने पाठवलंस म्हणून माझ्याने म्हणवलं नाही. धारवाडची बाई अजून गेलेली नाही माझ्यातून.

म्हणून ये. मास्तरांचं व्हायोलिन इथे आहे, आता तुझंच आहे. तू वाजव, मी तुझ्या पाठीला भोपळा टेकवून बसेन, आणि ढळलीस की थांबेन. पण उशीर करू नकोस, बाळा. परवा कुकरच्या तीन शिट्या झाल्या म्हणे. शेजारीण धावत आली. मला एकही ऐकू आली नव्हती. या आठवड्यात ऊन चांगलं आहे, राजेळी उतरवली आहेत. रविवारी ये.