गणपतीच्या पोटात हॅमस्टर

हॅमस्टर माझ्या गळ्यात पडला तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली, सामान टेम्पोत चढलं आणि पिंजरा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "चार दिवस सांभाळा हं." ते चार दिवस अजून संपायचेत! नवऱ्याने एकदा वाकून बघितलं, "हा कसला उंदीर, शेपूटसुद्धा धड नाय," म्हणाला आणि शिफ्टला निघून गेला.

अष्टमी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत मग दिवसा झोपणारे दोघे झाले. नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याची झोप मोडू नये म्हणून टीव्ही बंद, मिक्सर बंद, फोनवर बोलायचं तर संडासात जाऊन. हॅमस्टर दिवेलागणीला उठायचा आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात प्लास्टिक खरवडत बसायचा. खर्रखर्र, खर्रखर्र. माझं डोकं उठायचं. "अरे मेल्या, काय मिळणार तुला तिथे?"

मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की ही जात बिळात राहणारी. जमिनीत खोल बोगदा करायचा, एका कप्प्यात झोपायचं, दुसऱ्यात दाणे साठवायचे. दाणे नेतो कसा, तर गालांत पिशव्या असतात त्यांत कोंबून. मी गिरणीतून भाताचं तूस आणून पिंजऱ्यात ओतलं. गड्याने आनंदाने त्यात सूर मारला आणि चार बोटांवर परत प्लास्टिक लागलं. मला रडूच आलं. माझाही जीव त्या घरात असाच गुदमरायचा, पण मी कुठे खरवडणार?

वर्षातून एकदाच सुटका. माझं माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, घरचा गणपतीचा कारखाना. डोळ्यांची आखणी बाबांनी मला शिकवली, भावाचा हात अजून तिथे थरथरतो. म्हणून सीझनला आठवडाभर नवरा मला सोडायचा, आणि आठवडा भरायच्या आत त्याचा फोन सुरू, "कधी येतेस?" गेल्या वर्षी पिंजरा मांडीवर घेऊन एसटीने पेणला गेले. कंडक्टरने त्याचंही तिकीट काढायला लावतो की काय अशा नजरेने बघितलं.

आमच्याकडे एक रीत आहे. डोळे होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर. हात मोडला तर चिकटवा, पाट उखडा, काय वाटेल ते करा. पण एकदा का बुबुळं पडली की तिला हत्यार लावायचं नाही. बाबा याबाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

निघायच्या दिवशी दुपारी मी शेवटच्या मूर्तीचे डोळे पुरे केले. संध्याकाळच्या गाडीसाठी पिंजरा घ्यायला गेले तर दार उघडं, आत कोणी नाही. मांजरं टपलेली असतात कारखान्यात. रंगाचे डबे, पोती, फळ्या, सगळं हलवलं. आणि मग ऐकू आलं. खर्रखर्र. माझ्याच शेवटच्या मूर्तीच्या पोटातून.

मूर्ती आतून पोकळ असते. आत हवा खेळती राहावी म्हणून मागे पाटाजवळ आम्ही एक भोक ठेवतो आणि मूर्ती जायच्या आधी ते बुजवतो. भावाने ते तासाभरापूर्वीच बुजवलं होतं. मी नखांनी ओरबाडलं, पण प्लास्टर दगड झालेलं.

आई धावत कुंकू घेऊन आली. "अगो, देवाच्या पोटात मूषक आला! हात जोड गो बाय!" रंगाऱ्यांनीही हात जोडले. भाऊ हळूच म्हणाला, "हे गिऱ्हाइकाला सांगायला पायजे."

"डोकी फिरलीत काय तुमची?" मी किंचाळले. "मरेल तो आत! हवा कुठून मिळणार त्याला? बाबा, फोडा ते!"

"डोळे उघडलेत देवाचे," बाबा म्हणाले. "मी हत्यार नाय लावणार. आणि तू पण नाय."

रागाने मला त्या सगळ्यांना बडवावंसं वाटलं. आतला आवाज थांबत थांबत येत होता, मग नुसतं एकदा, मग बराच वेळ काहीच नाही. मी चेहऱ्याच्या रंगाचा डबा उघडला. दुपारी जीव ओतून केलेली ती बुबुळं, त्यांच्यावरून ब्रश फिरवला. एक डोळा गेला, दुसरा गेला. आई तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली.

"आता प्लास्टर हाय ना नुसतं?" मी म्हणाले. "आता फोडा."

बाबांनी त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाले, आणि करवतीचं पातं घेऊन मूर्तीच्या मागे बसले.

भोक मोकळं झालं. काही हललं नाही. मग एक गुलाबी नाक आलं आणि मागोमाग टम्म फुगलेले दोन गाल. जिवंत होता! बाहेर येऊन त्याने माझ्या हाताचा वास घेतला. मी उघडा पिंजरा पुढे केला, तर तोही हुंगला आणि वळून तडक मूर्तीच्या पोटात परत गेला. भावाने मोबाइलचा उजेड आत टाकला. मूर्तीत मजबुतीसाठी लावलेला काथ्या कुरतडून त्याने गादी केली होती आणि एका बाजूला तांदळाचे दाणे रचत होता. सगळे पोट धरून हसले. मला हसू येईना. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "गाडीत बसलीस?"

"नाही. एका मूर्तीचे डोळे राहिलेत."

"मग कर की पटकन."

"नाही करणार," मी म्हणाले. "आत कोणी राहतंय. ते आपणहून बाहेर येईपर्यंत मी ब्रश उचलणार नाही."