साप तोच, विष वेगळं

लातूरच्या एका छोट्या दैनिकात दर रविवारी मी एक पान करते. शास्त्रज्ञांनी नवं काय शोधलं, ते आपल्या मराठीत सांगायचं, एवढंच काम. मधमाशीच्या जातीतले भुंगे नुसती मजा म्हणून चेंडू ढकलत बसतात. माणसाच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलणारं यंत्र निघालं. असलं सगळं. लोकांना वाटतं बाई फार हुशार आहे. हुशार कसली डोंबलाची! हे पान करायला लागल्यापासून मी जगाची भित्री झाले. प्लास्टिकचं वाचलं त्या दिवशी घरातले सगळे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. नवरा म्हणाला, "आता लोणचं काय पदरात बांधून ठेवतीस?" उन्हाचं वाचलं की उन्हाला भ्यायचं, हवेचं वाचलं की खिडक्या लावून घ्यायच्या. पण ही भीती चैनीची होती. चहासोबत भ्यायचं आणि सोमवारी विसरायचं.

सापाची बातमीही अशीच गेली. एकाच जातीच्या सापाचं विष मुलखामुलखाप्रमाणं बदलतं, असं संशोधकांना आढळलं होतं. आणि सर्पदंशाचं औषध ज्या विषापासून बनवतात ते आपल्या देशात बहुतेक एकाच भागातल्या सापांकडून घेतलेलं असतं. म्हणजे दुसरीकडच्या सापाच्या विषावर ते तेवढ्या जोरानं चालेलच असं नाही. जागा कमी होती, म्हणून मी ते चार ओळींत बसवलं आणि वर मथळा दिला, 'साप तोच, विष वेगळं!' मथळा माझा मलाच आवडला.

त्यानंतरच्या सोयाबीनच्या सुगीत, एका सकाळी, मी पुढच्या रविवारचं लिहीत बसले असताना भावजयीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ नायगावजवळच्या आमच्या गावी शेती बघतो. भावजय दमानं बोलत होती.

"आक्का, ह्यांच्या हाताला पान लागलंय. पण घाबरू नका, लिंब कडू लागला."

आमच्याकडं साप चावला असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पान लागलं म्हणायचं. नाव घेतलं की विष चढतं म्हणे. आणि मग माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष अंगात गेलं नाही, कडू लागला नाही तर गेलं. आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, तेव्हा घरातले देव नदीला सोडले. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर न्यायचं आमच्या घरानं तेव्हापासून बंद केलं. देव गेले, पण लिंब राहिला. तो कुणाचा देव नव्हता ना, म्हणून कुणाच्या ध्यानातच आला नाही.

"कधी लागलं?" मी विचारलं.

"झाला की तासभर. कापलेल्या ढिगाखाली हात घातला अन्... जनावर दिसलं न्हाई नीट. जाड होतं, शिट्टी वाजल्यावाणी आवाज केला म्हणतात. आता झाडाखाली बसलेत, च्या पिऊन राहिलेत."

शिट्टीसारखा आवाज म्हणजे घोणस. मी फोनवर एवढी ओरडले की शेजारीण धावत आली. "चहा काय पाजतीस गं! गाडी काढा! आधी नायगावला न्या, लिंब गेला खड्ड्यात! हात हलवू देऊ नका त्याला!"

"पण कडू लागला की," ती रडवेली होऊन म्हणाली. मी पुन्हा ओरडले. मग त्यांनी कुणाचा तरी टेम्पो काढला.

मी हाताला लागली ती पिशवी घेऊन नांदेडची गाडी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मला काही दिसलं नाही. नायगावच्या दवाखान्यात पहिल्या सुया दिल्या आणि अँब्युलन्सनं नांदेडला पाठवलं, एवढं फोनवर कळलं. बाकी वेळ मी तेच संशोधन मोबाईलवर उघडून वाचत होते. चार ओळींत बसवताना मी ते पूर्ण कुठं वाचलं होतं! आता अक्षर न् अक्षर वाचत होते, आणि त्यात नांदेड कुठं येतं का बघत होते. येत नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "परीक्षा हाय का काय तुमची?" मी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा भावाचा हात कोपरापर्यंत सुजून तकतकत होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. भावजय पदरानं त्याचं तोंड पुसत होती आणि पदर लाल झालेला मला दिसू नये म्हणून आत दुमडत होती.

खाटेशेजारच्या टेबलावर काचेची एक नळी उभी होती. भावाच्या रक्तानं पाव भरलेली. नर्सबाईंनी बजावलं, "हिला हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटांनी तिरकी करून बघणार. रक्त गोठलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून चालू आहे."

एवढंच. भुंग्यांच्या करामती लिहिणारी मी, आणि माझ्या भावाचा निकाल एका नळीत. कुणी जवळून गेलं की मी टेबलाला आडवी होत होते, धक्का लागेल म्हणून. शेवटी नर्सबाई आल्या. त्यांनी नळी उचलली, हळूच तिरकी केली. रक्त सरळ काठापर्यंत आलं.

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आणखी औषधाच्या बाटल्या लावल्या.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं. मी तिला दाराबाहेर गाठलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. विष मुलखाप्रमाणं बदलतं, औषध दुसरीकडच्या सापाचं, मग आमच्या घोणशीवर...

"वाचलंय मी," ती म्हणाली. "खरं आहे ते. पण माझ्या हातात हेच औषध आहे. आणि याच्यावरच बहुतेक माणसं घरी जातात, मावशी."

बहुतेक. असला शब्द मी दर रविवारी पाच-सहा वेळा लिहिते.

आत आले तर भाऊ जागा होता. भावजय पाणी आणायला गेली होती. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"आक्का, लिंब कडू लागला नव्हता."

"काय?"

"काईच चव लागली न्हाई. चावलं, गिळलं, काईच न्हाई. समदे तोंडाकडं बघून राहिले होते. ही तर दातखीळ बसल्यावाणी उभी. म्हणलं, कडू हाय."

"अरे माझ्या शहाण्या!" माझा आवाज चढला, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "बायको रडू नये म्हणून मरायला बसला होतास होय रे? तोंड कोरडं पडलं की कसली चव कळती! लिंबाला काय कळतं विषातलं? अक्कल गहाण ठेवली होती का?" मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याचे पायही धरावेसे वाटत होते.

"भ्यालो होतो गं," तो म्हणाला. "आताबी लई भ्या वाटून राहिलंय."

लहानपणी विहिरीत सगळ्यात आधी उडी मारणारा माझा भाऊ. त्याच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्याचा चांगला हात धरून बसले.

भावजय पाणी घेऊन आली, आणि त्याचा डोळा लागल्यावर मला म्हणाली, "आक्का, तुम्ही तर समदं वाचलेलं असतंय. खरं सांगा. हे औषध लागू पडून राहिलंय न?"

भावाला शिव्या घालून पुरती घटकाही झाली नव्हती. मी तिच्याकडं बघितलं, तिच्या पदराच्या दुमडीकडं बघितलं आणि म्हणाले, "हाव. पडून राहिलंय. वेळ लागतो त्याला."

ती लगेच भिंतीला टेकली आणि तिथंच डोळे मिटले. तिनं माझ्यावर एवढा विश्वास टाकला याचीच मला भीती वाटली. उद्या काही झालं तर ही बाई मला विचारेल, तुम्ही तर हाव म्हणला होता. मी काय सांगणार होते तिला?

दिवेलागणीला पुन्हा रक्त काढलं, पुन्हा नळी उभी राहिली. या वेळी मी बघितलंच नाही. खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिले आणि मनात बुद्धं सरणं म्हणू लागले. आईनं शिकवलेलं. ते मध्येच विसरलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझ्यामागं नर्सबाईंची चप्पल वाजली, मग थांबली. भावजय ओरडली, "आक्का!"

मला वाटलं, संपलं. वळून बघितलं तर नळी आडवी होती आणि रक्त जागचं हललं नव्हतं. घट्ट बसलं होतं. मी भिंत धरून खाली बसले आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडले. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, चांगलं झालंय!" तेवढं मलाही कळत होतं.

पुढं किडनीची धाकधूक राहिली. लघवी किती झाली, रंग कसा, हेच आमचं बोलणं. पण तीही धरून राहिली आणि त्याला घरी सोडलं. मी लातूरला परत न जाता त्यांच्यासोबत गावी गेले.

गावात आभाळ भरून आलं होतं आणि आमचं अर्धं सोयाबीन कापून रानातच पडलं होतं. ते जनावर काही सापडलं नव्हतं. रोजानं येणाऱ्या बायकांनी सरळ सांगितलं, त्या रानात आम्ही येत न्हाई. त्यांचं काय चुकलं? भाऊ हात गळ्यात बांधून ओसरीवर बसला होता, उठायला बघत होता. भावजय म्हणाली, "तुमी बसा. भिजलं तर वर्षाचं गेलं. मी जाते."

मी नायगावहून तिच्यासाठी गमबूट आणि कातड्याचे हातमोजे आणले. मोज्यांची बोटं तिच्या हाताहून मोठी होती, त्यात कवळ धरताच येईना, शेंगा निसटायच्या. दोन ढीग झाले आणि तिनं मोजे काढून बांधावर ठेवले. मी तिला आमच्या आईची शपथ घातली. ती म्हणाली, "आक्का, तुमी काठी मारा, मी उचलते."

म्हणून मी पुढं जाऊन प्रत्येक ढिगावर काठी आपटत होते. जोरजोरात, घसा ताणून हाकारत. ती मागून येत होती, वाकत होती, ढिगाखाली दोन्ही हात घालत होती आणि कवळ भरून उचलत होती. अंगावर पहिले थेंब पडले तशी ती भराभर उचलायला लागली. मला वाटलं, हिला भीती नावाची गोष्टच राहिली नाही. एकदा काठी आपटून मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

हात खाली घालताना प्रत्येक वेळी ती डोळे गच्च मिटत होती.