गाठींनी वाकलेली दोरी

या, असे जवळ सरका. बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर आज दुपारची गोष्ट सांगतो.

एकादशीचा फराळ अंगावर आलेला. मी सभामंडपात खांबाला टेकतो. मांडीवर नवी दोरी. कीर्तनाला पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मधली दोरी चाळीस वर्षं मीच बांधतो. डोळे मिटतात आणि समोरून केशर येतात. गावच्या सगळ्या पाट्या केशरच्या हातच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"काय नाना, पुन्हा दोरी?"

"विश्वस्तांनी आणलीय. मी नुसता बांधतो."

"नुसतं बांधणाऱ्याचीच गाठ सुटत नाही," केशर हसतात.

आपण पुरुषही नाही, बाईही नाही, हे केशरचं सरळ सांगणं. "पूर्वरंग बायकांत ऐकायचा, उत्तररंग पुरुषांत," केशर म्हणतात, "आणि बुक्का लावायच्या वेळी दोन्हीकडच्यांकडून हाकलून घ्यायचं."

मी हसतो, मग हसवत नाही. मंडप एसटी स्टँड झालेला असतो. शिडीवरून केशर स्वच्छतागृहाच्या एका दारावर 'पुरुष' लिहितात, दुसऱ्यावर 'महिला'. अक्षरं मोत्यांसारखी.

"दोन्ही माझीच, नाना. आत मात्र कुठूनच जाता आलं नाही."

शिडी उतरते ती पुन्हा मंडपात. त्यांच्या शेवटच्या उत्सवात केशरनी प्रत्येकाला सांगितलं होतं, अंगावरच्या जुन्या कपड्याची चिंधी आणा, दोरीला बांधा आणि आपल्या चिंधीजवळ बसा. लुगडी, सदरे, परकर, धोतरं. सातव्या दिवशी दोरी भारानं जमिनीला टेकली. कोण कुठल्या बाजूला, काही उरलं नाही. जन्मभर कानांनी ऐकलेलं निरूपण मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. केशर गेल्यावर विश्वस्तांनी ती दोरी अडगळीत टाकली. मी बघत राहिलो.

"सगळ्यांच्या चिंध्या आल्या होत्या," केशर हळूच म्हणतात. "तुमची तेवढी राहिली."

"मीच बांधणारा. कुठल्या तोंडानं देऊ?"

"भजनाला उघडता त्याच."

कापड फाटल्याचा आवाज होतो. मी जागा होतो. मंडपात कोणी नाही. माझ्या उपरण्याचा काठ फाटलेला, आणि नव्या दोरीच्या मधोमध त्याची चिंधी, घट्ट गाठ मारून.

ती बघा दोरी. खांबांना बांधली नाही, अशीच जमिनीवर ठेवलीय. विश्वस्त विचारतील तेव्हा मी उत्तर देईन. तुम्ही आपली एक चिंधी बांधा, हवं तिथे बसा, आणि बुक्का लावून घेताना केशरची आठवण काढा.