अण्णांचा फुल ब्राइटनेस

ज्या ऑफिसात मालकाला काही कळत नाही, तिथे किस्से आपोआप साठतात. लालबागच्या आमच्या डीटीपी सेंटरमध्ये तर ठेवायला जागा उरली नव्हती.

मालक अण्णा. पूर्वी गिरणीत, साचाखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर म्हणून मुकादमी करायचे. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हा कोणीतरी सांगितलं की आता कॉम्प्युटरला दिवस आलेत. अण्णांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि त्यांवर सुषमा आणि आणखी एक मुलगी अशा दोघींना बसवलं; त्या दुसरीच्या जागी पुढे मी आले. हाताखाली माणसं आली, म्हणजे धंदा आला, एवढीच त्यांची समजूत.

\*

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही मॉनिटरचे ब्राइटनेस फुल केले. "खात्यात अंधार आसलो की कापडात दोष राहता," म्हणाले. संध्याकाळपर्यंत आमच्या डोळ्यांतून पाणी. मी बटण जरा कमी केलं की अण्णा येऊन पुन्हा वाढवायचे.

\*

बारीक टाइप वाचता येईना म्हणून मी स्क्रीनवर मजकूर झूम केला. अण्णा धावत आले.

"एवढी मोठी अक्षरां? कागद किती जाईल!"

छापताना अक्षर आहे तेवढंच येतं, हे मी प्रिंट काढून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तरी पण लहानच ठेव."

\*

स्क्रीन लुकलुकायचा. भायखळ्याहून मेकॅनिक आला, त्याने सेटिंग बदललं आणि चित्र एकदम स्थिर झालं. सुषमाची डोकेदुखी त्या दिवशी पहिल्यांदा थांबली. अण्णांना मात्र चैन पडेना.

"हलत नाय, म्हणजे मशीन चालू आसा की बंद, कळतला कसा?"

मेकॅनिकला परत बोलावून त्यांनी लुकलुकणं सुरू करून घेतलं. माझ्या आयुष्यात एवढा मूर्खपणा मी दुसरा पाहिला नाही.

\*

चकाकी कमी व्हावी म्हणून स्क्रीनला लावायची काळी जाळी आम्ही मागून मागून थकलो. शेवटी एक आली. ती अण्णांनी दाराकडे तोंड असलेल्या, माझ्या मॉनिटरला लावली. का, तर गिऱ्हाइकाला दिसावी. सुषमाच्या मागे खिडकी होती, सगळं ऊन तिच्या काचेवर. तिच्यासाठी मागितली तर म्हणाले, "तिचो मॉनिटर कोण बघता?"

\*

खंडेनवमीला अण्णांनी शस्त्रं म्हणून कॉम्प्युटरची पूजा केली आणि स्क्रीनच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुसायचं नाही, अशी ताकीद. दिवाळीपर्यंत आम्ही त्याच्या आजूबाजूने टाइप केलं. स्वस्तिकाखाली कोणता शब्द आलाय, ते अंदाजाने.

\*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अण्णांचा एक नियम होता. "चष्मेवाली माणसां माका नको. साच्यार चालली नाय, हंय पण चालायची नाय." माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी चष्मा लागला म्हणून घरी बसवलं होतं.

आणि सुषमाला चष्मा लागला. तिचे वडील संपापासून घरीच, घर तिच्या एकटीवर. गल्लीच्या तोंडापर्यंत ती चष्मा लावून यायची, तिथे तो पर्समध्ये जायचा. मग दिवसभर डोळे बारीक करून टाइप. मला तिची दया यायची आणि अण्णांची चीड.

गणपती जवळ आले होते. मंडळाच्या अहवालाचं काम चालू होतं. एका दुपारी तिला डोळे उघडवेनात, म्हणून तिने मॉनिटर बंद केला आणि तळहात डोळ्यांवर धरून बसली. तेवढ्यात अण्णा आत आले. तिला बटण दाबायलाही वेळ मिळाला नाही. तिने नुसती बोटं कीबोर्डवर ठेवली. समोर काळीकुट्ट काच.

अण्णा मागे उभे राहिले. वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. आता तिची नोकरी गेली, असंच वाटलं.

बऱ्याच वेळाने ते सरळ झाले.

"मजकूर बरो दिसता," म्हणाले. "अध्यक्षांचा नाव जरा ठळक कर. आणि उजेड वाढव गो थोडो."

सुषमाने मॉनिटरच्या बटणाला हातसुद्धा लावला नाही. तिने पर्समधून चष्मा काढला, त्यांच्यासमोर डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "वाढवला, अण्णा."